जुन्या शिकारी रायफली आताच्यापेक्षा खरंच चांगल्या बनायच्या का?

तुम्ही लिहिलंय की मिनेसोटात नवीन आहात, ऑफिसमधले म्हातारे शिकारी सांगतात "चौसष्टच्या आधीची विंचेस्टर मिळाली तर डोळे झाकून घे, आताची सगळी प्लॅस्टिकची खेळणी", आणि यात तथ्य किती ते हवंय. तथ्य आहे पण अर्धंच. मी काही बंदुकांमधला दर्दी नाही, भोसरीच्या एमआयडीसीत टूलरूमला होतो आणि आता विस्कॉन्सिनात तेच काम करतो, नोव्हेंबरात हरणांचा सीझन आला की शॉपमधल्या मंडळींबरोबर जातो एवढंच, त्यामुळे मी हे मशीनिंगच्या अंगानेच सांगणार.

आधी ते चौसष्टचं प्रकरण. विंचेस्टरची मॉडेल ७० ही रायफल १९३६ ला बाजारात आली, कारखाना कनेटिकटमधल्या न्यू हेवनला. रिसिव्हर म्हणजे ज्यात बोल्ट (काडतूस आत ढकलून नळी मागून बंद करणारा दांडा) मागेपुढे सरकतो तो मधला भाग, तो फोर्जिंगमधून, म्हणजे ठोकून घडवलेल्या पोलादाच्या ठोकळ्यातून, कोरून काढायचे. आता विचार करा, सीएनसी म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारी मशीनं नाहीत, म्हणजे प्रत्येक कटला वेगळं मशीन, नग धरायला वेगळं फिक्स्चर आणि त्यावर उभा एक माणूस. बोल्टला मोठा पंजा असायचा, मूळ कल्पना जर्मन माउझर ९८ ची, काडतूस मॅगझिनमधून वर येतानाच तो पंजा त्याची कड पकडतो आणि रिकामी पुंगळी बाहेर फेकेपर्यंत सोडत नाही. दस्ता, म्हणजे खांद्याला लावायचा लाकडी भाग, अक्रोडाचा आणि पकडीवरची चौकडी (हात घसरू नये म्हणून केलेली चौकटींची नक्षी) हाताने कापलेली. हे सगळं महागच पडणार ना, पगार वाढत गेले तसं अजून महाग.

तिकडे रेमिंग्टन या दुसऱ्या अमेरिकन कंपनीने १९४८ लाच हुशारी केली होती. त्यांच्या मॉडेल ७२१ चा रिसिव्हर गोल, म्हणजे बार घ्या आणि लेथवर चढवा. गोळी सुटताना धक्का सोसणारा लग (दस्त्यात अडकणारा उंचवटा) रिसिव्हरमध्येच कोरायचा तर मिलिंगला वेळ जातो, म्हणून त्यांनी तो वेगळा जाड वॉशरसारखा करून नळी आणि रिसिव्हरच्या मध्ये दाबून बसवला. ज्याने हे काढलं त्याला माझा सलाम, कारण यात खर्च वाचला आणि गोल भाग सरळ राहायला सोपा म्हणून नेमही चांगला लागला. त्यातूनच १९६२ ला मॉडेल ७०० आली. विंचेस्टरला किमतीत तिच्याशी टक्कर द्यायची होती म्हणून १९६४ ला त्यांनी पंजा काढून टाकला, नळी आणि दस्त्यात बोटभर फट ठेवली (बोटभर म्हणजे बोलायला हो, पण दिसायची लांबून) आणि चौकडी कापायच्या ऐवजी गरम साच्याने दाबून उठवली. ती दाबलेली चौकडी एकदा हातात घेऊन बघाच. कापलेल्या चौकडीत बारीक टोकं वर आलेली असतात आणि हातमोजा घातला तरी पकड मिळते. दाबलेल्यात तीच टोकं आत गेलेली, म्हणजे नक्षी दिसते पण हाताला काही लागत नाही. गिऱ्हाईक पेटलं ते उगाच नाही. नंतर १९६८ ला बोल्ट अडकू नये म्हणून सुधारणा केली, १९९२ ला पंजासुद्धा परत आणला, पण नाव गेलं ते गेलंच, आणि २००६ ला न्यू हेवनचा कारखाना बंद झाला.

पण म्हाताऱ्यांना एक विचारा, तुमच्या जमान्यातल्या सगळ्याच बंदुका अशा होत्या का? ज्या भंगारात गेल्या त्या आज कोणी दाखवायला आणत नाही. स्प्रिंगफील्ड १९०३ चंच घ्या, लष्करी रायफल, पण लष्कराने जादा म्हणून विकायला काढल्यावर हजारो लोकांनी दस्ता बदलून शिकारीसाठी वापरली. सुरुवातीच्या काळात तिच्या रिसिव्हरचं हीट ट्रीटमेंट (तापवून कडक करणं) करताना कामगार पोलादाचा रंग नुसता डोळ्याने बघून तापमान ठरवायचे. आता उन्हाच्या दिवशी लाल रंग वेगळा दिसतो आणि ढगाळ दिवशी वेगळा, त्यामुळे काही नग जास्त जळून काचेसारखे ठिसूळ झाले आणि फुटायला लागले. पहिल्या महायुद्धाच्या वेळी हे लक्षात आल्यावर भट्टीचं तापमान मोजणारे पायरोमीटर आले. स्प्रिंगफील्ड आर्मरी या सरकारी कारखान्याच्या ८,००,००० च्या खालच्या सिरियल नंबरची रायफल आजही जाणती माणसं झाडत नाहीत, भिंतीला लावतात.

आणि "हाताने बनवलेली" याचंही जरा कौतुक जास्तच होतं. आपल्याकडे जिम कॉर्बेट सगळ्यांना माहीत, चंपावतच्या वाघिणीनंतर १९०७ ला त्यांना .२७५ रिग्बी भेट मिळाली होती. लंडनच्या एवढ्या मोठ्या घराण्याची रायफल, पण तिचं अॅक्शन (रिसिव्हर आणि बोल्ट) जर्मनीतल्या ओबर्नडॉर्फच्या माउझर कारखान्यातलं! लंडनवाल्यांची करामत जुळवणीत आणि फिनिशिंगमध्ये, मूळ लोखंडकाम फॅक्टरीचंच.

आता नव्याकडे या. टिक्का टी३ (२००३, फिनलंड) किंवा रुगर अमेरिकन (२०११-१२) उघडून बघा, खर्च कुठे वाचवला ते लगेच कळतं. टिक्कामध्ये छोट्या मोठ्या सगळ्या काडतुसांना एकाच लांबीचा रिसिव्हर, मॅगझिन प्लॅस्टिकचं, ट्रिगर गार्ड प्लॅस्टिकचा. रुगरच्या दस्त्यावर साच्याची शिवण नखाला लागते आणि बोल्ट मागे ओढला की कटरच्या खुणांवरून खरखर जाणवते, मला तर सर्फेस फिनिशचा ड्रॉइंगवरचा आकडासुद्धा दिसतो तिथे. पण जिथे पैसा लावायचा तिथे लावलाय. टिक्काची नळी कोल्ड हॅमर फोर्जिंगची, म्हणजे पोलाद गारच ठेवून ठोकून घडवलेली आहे, साको या महागड्या फिनिश रायफली जिथे बनतात त्याच कारखान्यात होते. रुगरमध्ये प्लॅस्टिकच्या दस्त्यात स्टीलचे व्ही आकाराचे ब्लॉक आहेत, रिसिव्हर त्यावर बसतो म्हणून हलत नाही. परिणाम काय, तर १०० यार्डावर तीन गोळ्या इंचभरात पडणं ही आज स्वस्त रायफलीची गोष्ट झालीय, पूर्वी दुकानातून आणलेली शिकारी रायफल दोन इंचात मारत असेल तर लोक खूश असायचे. शिवाय लाकूड पावसात फुगतं, नळीला टेकतं आणि नेम सरकतो, प्लॅस्टिकला त्याचं काही नाही, दिसायला बादली असली तरी.

मग नव्यात खोट कुठे? फिनिशमध्ये, आणि काही कंपन्यांच्या तपासणीत. रेमिंग्टनने २०१४ ला मे २००६ पासून बनवलेल्या ७०० चे एक्स-मार्क प्रो ट्रिगर परत मागवले, कारण जुळवणीत चिकटवायचं द्रव्य जास्त पडलं होतं आणि चाप न ओढता गोळी सुटू शकत होती. डिझाइन ठीक, मटेरियल ठीक, आणि घोळ एका थेंबाचा. असलं वाचून माझ्यासारख्या माणसाला झोप येत नाही.

तर तुमचं. हरणं मारायची असतील तर नवीन स्वस्त रायफल घ्या आणि वाचलेले पैसे दुर्बिणीत आणि रेंजवरच्या काडतुसांत घाला, पंज्याची गरज अस्वलं समोर येतात तिथे, तुम्हाला नाही. जुनीच हौस असेल तर मॉडेल ७० चा सिरियल नंबर ७,००,००० च्या खाली, म्हणजे चौसष्टच्या आधीचा आहे ना बघा, रिसिव्हरवर नंतर कोणी जास्तीची भोकं पाडलीत का बघा, दस्ता कापून रबर लावलंय का बघा, आणि नळीतून टॉर्च मारा, कारण जुन्या काडतुसांच्या प्रायमरमधून (बुडाशी असलेली ठिणगी पाडणारी टोपी) मीठ सुटायचं आणि साफ न केलेल्या नळ्या आतून गंजायच्या. विकणारा "आजोबांची आहे, कपाटातच होती" म्हणाला तरी गनस्मिथकडून (बंदूक दुरुस्त करणारा कारागीर) हेडस्पेस, म्हणजे काडतूस बसल्यावर बोल्टपर्यंत किती जागा राहते ते, मोजून घेतल्याशिवाय एकही गोळी झाडू नका.