हात ओले ठेवा

प्रश्न : मी ४७ वर्षांची, विट्यात राहते. मुलगी गेल्या वर्षी शिकायला पुण्याला गेली. यजमानांचं दुकान आहे, ते रात्री नऊनंतर घरी येतात. दुपार आणि रात्री जेवणानंतरचा सगळा वेळ माझा फोनवर रील्स बघण्यात जातो. मागच्या आठवड्यात ओट्यासमोर उभी असूनही दूध उतू गेलं, स्वतःचीच लाज वाटली. ॲप काढून टाकलं, तिसऱ्या दिवशी परत घेतलं. वाचनालयाची वर्गणी भरली, पण दोन पानं झाली की हात आपोआप फोनकडे जातो. योगवर्ग पंधरा दिवस टिकला. वेळ सार्थकी लागेल असं काही सुचवाल का? आणि 'मन रमवा' असं सांगू नका हो, ते सगळेच सांगतात.
— एक वाचक, विटा

उत्तर : नाही सांगत. तुमच्याच पत्रात उत्तर आहे बघा : 'हात आपोआप फोनकडे जातो.' मन जातं असं तुम्ही लिहिलेलं नाही, हात जातो असं लिहिलंय.

माझंही तेच झालं होतं. मी टपाल खात्यात होते, चौतीस वर्षं काउंटरवर. हाताला शिक्का, गोंद, पावतीपुस्तक, सुटे पैसे. निवृत्त झाले आणि दुसऱ्या दिवसापासून हात रिकामे. मुलाने नवा फोन दिला, त्यात तो रंगीत गोळ्या फोडायचा खेळ होता. सहा महिन्यांत मी त्या खेळाच्या कुठल्या पायरीवर पोचले होते ते इथे लिहिणार नाही. भाकरी तव्यावर काळी व्हायची आणि मी गोळ्या फोडत बसलेली.

मग चातुर्मासात थोरल्या जाऊबाई राहायला आल्या, त्यांचं लक्षवातीचं व्रत होतं. लाख वाती म्हणजे काय खेळ आहे का? येताना कापसाचं गाठोडंच घेऊन आल्या. दुपारी मी फोन घेऊन बसले की म्हणायच्या, "नुसती नको गं बसू, चार वाती वळ." नाही कसं म्हणणार!

फुलवात वळताना तुम्ही कुणाला पाहिलं असेल. कापूस पिंजून त्यातली सरकी, कचरा काढायचा. चिमूटभर घेऊन बोटांनी पसरून रुपयाएवढी चकती करायची, कडा खाली गोळा करायच्या, मधला भाग वर ओढायचा आणि दुधाचं बोट लावून पीळ द्यायचा. ताटलीत ठेवली की ती आपली आपण उभी राहिली पाहिजे. माझ्या पहिल्या पन्नासेक वाती आजारी कोंबडीच्या पिलांसारख्या माना टाकून पडल्या. जाऊबाई काही बोलल्या नाहीत, फक्त त्या वेगळ्या डब्यात ठेवल्या. तो अपमान मी अजून विसरलेले नाही.

दहाव्या-बाराव्या दिवशी लक्षात आलं, दुपारभर फोनला हात लागलेला नाही. मी काही मोठा निश्चय केला होता का? छे! बोटांना दूध लागलेलं, त्यावर कापसाचे तंतू चिकटलेले. तशा हाताने पडद्यावर काही हलत नाही आणि हात धुवायला उठायचा कंटाळा. बस, एवढंच कारण.

म्हणून तुमचं पुस्तक हरलं, ताई. पुस्तक वाईट नाही, पण ते धरायला एक हात पुरतो आणि दुसरा मोकळा राहतो. शिवाय पुस्तकाचं पान संपतं, प्रकरण संपतं. रील संपतच नाही. खाली सरकवत राहिलं की पुढचं येतच राहावं, ही सोय अझा रास्किन या अमेरिकन माणसाने २००६ साली केली आणि पुढे त्याला स्वतःलाच त्याचा पश्चात्ताप झाला. म्हणजे दूध उतू गेलं त्यात सगळा दोष तुमचा नाही.

तर हात ओले, मळलेले किंवा अडकलेले राहतील असं काम शोधा. देवधर्मात रस नसेल तर वाती सोडा. वाकळ शिवा. मुलीचे जुने ड्रेस, तुमच्या विरलेल्या सुती साड्या कपाटात असतीलच. यंत्रमागांच्या गावात राहता, कापडाला काय तोटा! थर एकावर एक अंथरायचे, कडेपासून धावदोरा घालत गोल गोल आत यायचं. मांडीवर एवढं ओझं आणि बोटात सुई असताना फोन कुठे घेणार? ती वाकळ पुढच्या थंडीत पुण्याच्या खोलीत जाऊ दे. मुलगी 'हे काय जुनाट' म्हणेल आणि पांघरेल. कुंड्यांची माती उकरणं, पापडाचं पीठ कुटणं, हेही चालेल. विणकाम मात्र मला कधी जमलं नाही, त्यामुळे त्याबद्दल बोलत नाही.

रात्रीचं अवघड आहे, मान्य. तुमच्या शेजारच्या कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव आहे. तिथे २०२२ पासून रोज संध्याकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजतो आणि दीड तास घरोघरचे टीव्ही, मोबाइल बंद. साडेआठला दुसरा भोंगा. लॉकडाऊनमध्ये अभ्यासासाठी म्हणून पोरांच्या हाती फोन आले ते सुटेनात, तेव्हा गावानेच हे ठरवलं. सगळ्यांचे एकदम बंद होतात, म्हणून ते जमतं. तुमच्या घरात भोंगा कोण वाजवणार? म्हणून एखादी शेजारीण पकडा. रात्री जेवण झाल्यावर अर्धा तास तिच्या ओट्यावर किंवा तुमच्या, मध्ये एक परडी पावटे सोलायला. गप्पा आपोआप होतात, त्यांची काळजी नको. आणि फोन चार्जिंगला स्वयंपाकघरात. उशाशी गजराचं साधं घड्याळ आणा.

आमच्या खात्याचीही थोडी जाहिरात करते. आपल्याकडे पोस्टकार्ड १८७९ साली आलं तेव्हा पाव आण्याला होतं, आज पन्नास पैशांना मिळतं. पाच कार्डं आणा, अडीच रुपये. मुलीला आठवड्याला एक लिहा. व्हिडिओ कॉलवर तुम्ही "जेवलीस का?" विचारता, ती "हो" म्हणते आणि विषय संपतो. कार्डावर जागा भरायची असते, मग दूध उतू गेल्याचंही लिहावं लागतं.

वाचनालयाची वर्गणी वाया गेली असं समजू नका. दोनच पानं वाचवतात ना? मग शेजारी मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेले कुणी आजी-आजोबा असतील तर त्यांना ती दोन पानं मोठ्याने वाचून दाखवा. ऐकणारा समोर बसला असताना मधेच फोन काढायची आपल्याला लाज वाटते.

महिनाभराने कसं चाललंय ते या सदराला कळवा. कार्डानेच कळवा. पिठाचा डाग पडला असला तरी चालेल, चौतीस वर्षांत मी त्याहून भयंकर कार्डं हाताळली आहेत.