गणिताची विद्यार्थिनी आणि मज्जारज्जूचे मॉडेल

सप्रेम नमस्कार.

आपले सविस्तर पत्र मिळाले. आपली मुलगी गणिताच्या पदवीच्या शेवटच्या वर्षात आहे, शाळा संपल्यापासून तिचा जीवशास्त्राशी संबंध आलेला नाही, आणि आता तिला मज्जारज्जूतील चेतापेशींच्या जाळ्यांची संगणकीय मॉडेल तयार करून चालण्यासारख्या हालचालींचे नियंत्रण कसे होते यावर संशोधन करायचे आहे, असे आपण लिहिले आहे. आपल्या धाकट्या भावाला मणक्याच्या दुखापतीमुळे काही वर्षांपासून चालता येत नाही आणि मुलीच्या ओढीचे मूळ तिथे असावे, असा आपला अंदाज आहे. हे काम संगणकाचे की वैद्यकाचे, त्यासाठी आधी वैद्यकीय किंवा फिजिओथेरपीची पदवी घ्यावी का, आणि यावर पोट भरेल का, असे तीन प्रश्न आपण विचारले आहेत. पहिल्याचे उत्तर नीट कळले की दुसरा जवळजवळ आपोआप सुटतो, म्हणून पहिल्यावरच जरा जास्त थांबतो.

मज्जारज्जू म्हणजे मेंदूचे हुकूम पायापर्यंत नेणारी तार, अशी आपल्यापैकी बहुतेकांची समजूत असते. थॉमस ग्रॅहम ब्राउन या ब्रिटिश शरीरक्रियाशास्त्रज्ञाने १९११ मध्ये तिला धक्का दिला. मांजराच्या मज्जारज्जूचा मेंदूशी असलेला संबंध तोडला आणि पायाकडून वर येणाऱ्या संवेदना-नसाही कापल्या, तरीही पाय वाकवणारे आणि पाय ताठ करणारे स्नायू आलटून पालटून आकसत राहतात, हे त्याने दाखवले. याचा अर्थ चालण्याची लय खालीच, मज्जारज्जूत तयार होते. एकमेकांना दडपणारे चेतापेशींचे दोन गट, म्हणजे दोन ‘अर्धकेंद्रे’, ही लय निर्माण करत असावीत, अशी कल्पना त्याने मांडली. पुढे १९६६ मध्ये शिक, सेवेरिन आणि ओर्लोव्स्की यांनी मांजराच्या मध्यमेंदूतील एका ठरावीक जागी विजेचा झटका देऊन पाहिले. झटक्याची तीव्रता वाढवली की फिरत्या पट्ट्यावरचे मांजर चालण्यावरून दुडक्या चालीवर आणि तिथून चौखूर धावण्यावर जात असे. वरून येणारा हुकूम इतका साधा असू शकतो. कोणता स्नायू कधी आकसायचा, हा सगळा तपशील खालची जाळी ठरवते.

आता यात गणित कुठे आले? दोन चेतापेशी घ्या आणि त्यांना एकमेकींना दडपू द्या. जी आधी जिंकेल ती दुसरीला गप्प बसवेल आणि कायमची जिंकलेलीच राहील. मग पारडे फिरते कसे? जिंकणारी पेशी हळूहळू थकत असेल, किंवा दडपलेली पेशी दडपणाखालीच उसळी घेण्याच्या बेताला येत असेल, किंवा पेशीच्या पटलातून सावकाश वाहणारा सोडियमचा एखादा प्रवाह लय धरून ठेवत असेल. तिन्ही मार्गांनी लय निर्माण करता येते. प्राण्याच्या शरीरात यातला कोणता मार्ग आहे आणि कोणत्या प्रयोगाने ते वेगळे ओळखता येतील, हे ठरवायला समीकरणे लागतात. माकूळ, म्हणजे स्क्विड, या सागरी प्राण्याच्या जाड चेतातंतूवर प्रयोग करून हॉजकिन आणि हक्सली यांनी १९५२ मध्ये चेतापेशीच्या विद्युत्-स्पंदाची चार अवकल समीकरणे लिहिली. या क्षेत्रातील पुष्कळ काम आजही त्याच पायावर उभे आहे. स्थैर्य, मर्यादा-आवर्तन (म्हणजे व्यवस्था एकाच चक्रात फिरत राहणे), एखादी राशी किंचित बदलली की संपूर्ण वर्तनच पालटणे, हे विषय आपल्या मुलीने अभ्यासलेले असतील. तेव्हा हे काम केवळ संगणकाचे नाही आणि केवळ वैद्यकाचेही नाही. प्रश्न शरीरक्रियाशास्त्राचा आहे, उत्तराची भाषा गणिताची आहे, आणि प्रोग्रामिंग हे हातातले अवजार आहे.

एक उदाहरण देतो, कारण त्यावरून रोजचे काम कसे असते ते कळेल. स्नायू निष्क्रिय केलेल्या मांजराच्या नसांतही चालण्याचे लयबद्ध संकेत नोंदवता येतात. अशा नोंदींत मधूनच काही ठोके गळतात. कधी त्या खंडानंतर लय नव्याने सुरू होते. पण कधी ती जिथे यायला हवी होती नेमकी तिथेच परत येते, जणू गायक एक आवर्तन गप्प राहिला तरी ठेका आत चालूच होता आणि तो बरोबर समेवर आला. एकाच थरातील अर्धकेंद्रांना हे दुसरे वागणे समजावून सांगता येईना. म्हणून रायबॅक, मॅक्रे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये दोन थरांचे मॉडेल मांडले: एक थर लय धरतो, दुसरा ती लय निरनिराळ्या स्नायूंना वाटून देतो. ज्या गळलेल्या ठोक्यांकडे एखाद्याने नोंदीतला दोष म्हणून दुर्लक्ष केले असते, त्यांतूनच रचनेबद्दलचा अंदाज निघाला.

हा वाद मिटलेला नाही, आणि नव्या विद्यार्थ्याच्या दृष्टीने ती चांगलीच गोष्ट आहे. २०२२ मध्ये कोपनहेगनच्या संशोधकांनी कासवाच्या मज्जारज्जूतील शेकडो चेतापेशींची एकाच वेळी नोंद घेतली, तेव्हा आलटून पालटून जागे होणारे दोन गट ठळकपणे दिसण्याऐवजी क्रियाशीलता साऱ्या जाळ्यातून चक्रासारखी फिरताना दिसली. त्यांनी त्यासाठी अर्धकेंद्रांवाचून चालणारे मॉडेल सुचवले. दुसरीकडे उंदरांवरील जनुकीय प्रयोग विशिष्ट पेशीगटांकडे बोट दाखवतात. ‘व्ही-शून्य’ नावाच्या मध्यस्थ चेतापेशी काढून टाकल्या की उंदीर डावा-उजवा पाय आलटून पालटून टाकण्याऐवजी मागचे दोन्ही पाय एकदम टाकत सशासारखा उड्या मारतो, हे २०१३ मध्ये दिसून आले. या दोन चित्रांचा मेळ कसा घालायचा, हा प्रश्न आज खुला आहे.

यापुढचा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. प्रिंझ, बुखर आणि मार्डर यांनी २००४ मध्ये कवचधारी सागरी प्राण्यांच्या जठराची लय चालवणाऱ्या एका छोट्या जाळ्याची २ कोटींहून अधिक रूपे संगणकावर चालवून पाहिली. आतील राशी एकमेकींपासून अगदी दूर असलेली अनेक जाळी जवळजवळ सारखीच लय देत होती. म्हणजे मॉडेलची रेघ प्रयोगाच्या रेघेवर तंतोतंत बसली, तरी मॉडेल खरे आहे असे सिद्ध होत नाही. आपल्या मुलीचे गुण किती आहेत, याची मला फारशी चिंता नाही. रेघ जुळल्यावर ती खूश होऊन थांबते, की ‘हे आणखी कशामुळे जुळले असेल’ या विचाराने अस्वस्थ होते, हे मला जाणून घ्यायचे आहे. दुसऱ्या स्वभावाच्या विद्यार्थ्यानेच या वाटेला जावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

वैद्यकीय पदवीचा विचार मात्र सोडून द्यावा. त्यात बरीच वर्षे जातील, आणि त्यातील फार थोडा भाग या कामी येईल. जे जीवशास्त्र लागते ते मर्यादित पण नेमके असते: प्रतिक्षिप्त क्रियांची साखळी, चेतापेशींमधील जोडण्या, स्नायूंना हुकूम देणाऱ्या प्रेरक पेशींपैकी लहान आधी आणि मोठ्या नंतर कामाला लागतात हे हेनेमनचे तत्त्व, आणि १९३८ पासून वापरात असलेले हिलचे स्नायूचे मॉडेल. गणिताची चांगली विद्यार्थिनी हे सुमारे वर्षभरात आत्मसात करू शकते. पुस्तकांतून जे कळत नाही ते प्रत्यक्ष नोंदींचे ओबडधोबडपण. त्यासाठी तिने प्रयोग करणाऱ्या एखाद्या प्रयोगशाळेत किमान काही आठवडे बसावे. स्वच्छ आलेखांची सवय झालेले गणिताचे विद्यार्थी स्नायूच्या विद्युत्-नोंदीतला गोंगाट पाहून पहिल्या दिवशी हबकतात. ते पदवीनंतर घडण्यापेक्षा आधी घडलेले बरे. पदव्युत्तर शिक्षणासाठी संगणकीय चेताविज्ञान, उपयोजित गणित किंवा जैववैद्यकीय अभियांत्रिकी यांपैकी काहीही चालेल. अभ्यासक्रमाच्या नावापेक्षा मार्गदर्शकाच्या मागील काही वर्षांच्या शोधनिबंधांत एक गोष्ट शोधावी: त्यांच्या मॉडेलने आधी भाकीत केले आणि नंतर कोणी ते प्रयोगाने तपासले, असे एकदा तरी घडले आहे का.

त्याआधी घरीच करता येण्याजोगी एक परीक्षा सुचवतो; तिला सुमारे सहा आठवडे द्यावेत. पायथन ही प्रोग्रामिंग भाषा आणि चेतापेशींची मॉडेल चालवणारे ‘ब्रायन’ हे विनामूल्य सॉफ्टवेअर वापरून तिने दोन पेशीगटांचे अर्धकेंद्र तयार करावे. आधी थकवा न घालता चालवून ते एका बाजूला अडकते ते पाहावे, मग थकवा घालून लय आणावी. इथवर सोपे आहे. खरी कसोटी यापुढे आहे: चालण्याचा वेग वाढतो तेव्हा पाय जमिनीवर टेकलेला असण्याचा काळ बराच कमी होतो, पण पाय हवेत असण्याचा काळ फारसा बदलत नाही. दोन्ही बाजू सारख्या असलेल्या मॉडेलमध्ये हे सहजासहजी येत नाही. ते कसे आणायचे, आणि ज्या युक्तीने आणले ती शरीरात असण्याची शक्यता किती, यावर तिने दोन पाने लिहावीत.

उपजीविकेबद्दल गोड बोलणार नाही. पीएचडीला साधारण चार ते सहा वर्षे जातात, पुढे बहुतेकांना काही वर्षे तात्पुरत्या संशोधनपदांवर काढावी लागतात, आणि विद्यापीठांतील कायमच्या जागा इच्छुकांच्या मानाने थोड्या असतात. परंतु हेच कौशल्य पायांनी चालणारे रोबो, कृत्रिम अवयव, अंगावर चढवायचे यांत्रिक सांगाडे आणि चेतासंस्थेला विद्युत् उत्तेजन देणारी उपकरणे यांच्या निर्मितीत लागते. स्वित्झर्लंडमधील लोझानच्या ऑके आयस्पीर्ट यांच्या गटाने २००७ मध्ये मज्जारज्जूच्या मॉडेलवर चालणारा सॅलॅमँडर-रोबो, म्हणजे पालीसारख्या दिसणाऱ्या उभयचर प्राण्याच्या धर्तीवरचा रोबो, सादर केला होता. केवळ उत्तेजनाची पातळी वाढवल्यावर तो चालण्यावरून पोहण्यावर जात असे. प्रयोगशाळेत स्थान मिळाले नाही म्हणून अशा कामाकडे वळणे, याला मी माघार मानत नाही. पीएचडीच्या दुसऱ्या वर्षापासून ही वाट डोळ्यांसमोर असावी.

आपल्या भावाविषयी लिहिताना मला शब्द जपून वापरायचे आहेत. मज्जारज्जूच्या आवरणावर इलेक्ट्रोड बसवून दिलेल्या उत्तेजनाने काही रुग्णांना पावले टाकता आली आहेत, आणि त्यात मॉडेलचा वाटा खरा आहे. हे उत्तेजन मुख्यतः मज्जारज्जूत शिरणाऱ्या जाड संवेदना-तंतूंवर काम करते, असे २०१३ मधील एका संगणकीय अभ्यासाने दाखवले. उंदरांत उपयोगी पडणारे सलग उत्तेजन माणसांत कमी का पडते, तर ते पायाकडून येणारे स्वतःच्या स्थितीचे संकेतच पुसून टाकते, हे २०१८ मध्ये पुढे आले. त्यातूनच हालचालीच्या वेळा साधून, नेमक्या जागी उत्तेजन देण्याच्या पद्धतीला बळ मिळाले. पण ते रुग्ण मोजके होते, त्यांनी महिनोन्महिने सराव केला, आणि प्रत्येक दुखापत वेगळी असते. आपल्या भावाला कशाचा उपयोग होईल हे त्यांचे डॉक्टरच सांगू शकतील. मुलीच्या खांद्यावर ते ओझे, न बोलताही, ठेवले जाऊ नये. तिला एकदा शांतपणे विचारा: पुढची सहा वर्षे फक्त कासवाच्या पायाचे कोडे सोडवण्यात गेली, आणि त्यातून मामांना काहीच मिळाले नाही, तरी तुला हे करायचे आहे का? ती काय म्हणते यापेक्षा उत्तर देण्याआधी किती वेळ घेते, ते पाहा. लगेच आलेल्या होकारापेक्षा विचार करून आलेला होकार मला अधिक भरवशाचा वाटतो.

सहा आठवड्यांनंतर तिने स्वतः मला लिहावे आणि सोबत आलेख पाठवावेत. सुरळीत चाललेल्या मॉडेलचे नकोत. जिथे ते अडकले आणि का अडकले हे तिला कळेना, तिथले हवेत. प्रयोगशाळा निवडण्याबद्दल त्यानंतर बोलू.

आपला,
करिअर मार्गदर्शक