तिला पाठवा, पण तयारी करून

"अक्का, माझी मुलगी २० वर्षांची. बौद्धिक अपंगत्व, ६० टक्क्यांचं प्रमाणपत्र आहे. बेळगावची विशेष शाळा सुटल्यापासून घरीच असते. केर काढते, भांडी घासते, पण वेणी मी घालते, ताट मी वाढते. बसनं दोन स्टॉपवर नणंदेचा महिला गट आहे, पापड-मसाल्याचा. ती म्हणते, पाकिटं भरायला पाठव. सासूबाई म्हणतात, घरात खायला कमी आहे काय, लोक हसतील. मला वाटेची भीती वाटते. आणि आमच्यामागं तिचं कसं?"
– एक आई, खानापूर तालुका

ताई,

तिला पाठवा. सासूबाईंची माया खरी आहे, पण त्या मायेनं मुलगी घरात बसून राहिली, तर तुमच्यामागं तिला स्वतःचं ताटही वाढून घेता येणार नाही. "आमच्यामागं कसं" याचं उत्तर तुम्ही धडधाकट असतानाच शोधायचं असतं, आणि त्याची सुरुवात नणंदेच्या गटात नाही, तुमच्याच घरात होते.

उद्यापासून तिची वेणी तिला घालू द्या. वाकडी होईल, होऊ द्या. तशीच देवळात घेऊन जा. ताट तिचं तिनं वाढायचं, डबा तिनं भरायचा. पाळीच्या दिवसांत कापड किंवा पॅड बदलणं, टाकणं तिचं तिला जमलं पाहिजे. कामावर तुम्ही नसणार. दुकानातून दूध आणायला पैसे द्या आणि चूक झाली तरी पुढच्या दिवशी परत तिलाच पाठवा. हे सगळं एका आठवड्यात येणार नाही. एका वेळी एकच काम धरा, तेच रोज त्याच वेळी, त्याच क्रमानं. बोलून कळलं नाही, तर करून दाखवा.

आता वाट. कर्नाटकात ११ जून २०२३ पासून शक्ती योजनेत बायकांना साध्या सरकारी बसचा प्रवास मोफत आहे. म्हणजे सुट्या पैशांचा गोंधळ नाही. ओळखपत्र दाखवून शून्य तिकीट घ्यायचं, एवढंच शिकवायचं. बसचे फलक कन्नडमध्ये, आणि आपल्या मुली मराठी शाळेतल्या. म्हणून कंडक्टरला विचारायचं एक कन्नड वाक्य पाठ करून घ्या: "खानापूरक्क होगतैती?" म्हणजे, खानापूरला जाते का? पहिले काही दिवस शेजारी बसा, मग दोन सीट मागं, मग फक्त स्टॉपवर थांबा. गळ्यातल्या कार्डावर तुमचा नंबर असू दे.

भीतीचं दुसरं कारण तुम्ही लिहिलं नाहीत, पण ते मला कळतं. अंगाला कोणी हात लावला तर ओरडायचं, पळायचं आणि घरी येऊन सांगायचं, मग तो माणूस ओळखीचा का असेना, हे तिला स्पष्ट शब्दांत शिकवा. लाज धरू नका. गटात एक बाई ठरवा, काही झालं तर हिनं जिच्याकडं जायचं.

मजुरीचं नणंदेशी आधीच बोला. "मदतीला येऊ दे" एवढ्यावर मान्य करू नका. इतर बायकांना पाकिटामागं जो दर, तोच हिला, आणि पैसे हिच्या स्वतःच्या खात्यावर. त्यातलं थोडं तिच्या हातात द्या आणि कशाला खर्च करायचं ते तिला ठरवू द्या.

कागदांचंही बघा. युडीआयडी कार्ड, म्हणजे अपंगांचं सरकारी ओळखपत्र, नसेल तर ग्रामपंचायतीतल्या पुनर्वसन कार्यकर्त्याला, व्हीआरडब्ल्यूला, भेटा. एक गोष्ट पुष्कळ आईबापांना ठाऊक नसते: मूल १८ चं झालं की कायद्यानं तुम्ही आपोआप पालक राहत नाही. बौद्धिक अपंगत्वात राष्ट्रीय न्यास या केंद्र सरकारच्या संस्थेच्या १९९९ च्या कायद्याखाली, जिल्हाधिकाऱ्यांच्या स्थानिक समितीकडे पालकत्वासाठी अर्ज करता येतो. तुमच्यामागं पालक कोण व्हावं, याचा विचार धाकट्या भावंडांना, नणंदेला धरून आत्ताच करा. त्या बैठकीत मुलीलाही बसवा. २०१६ च्या अपंग हक्क कायद्यात मर्यादित पालकत्वाची सोय आहे, तीही अपंग माणसाला विचारून, दोघांनी मिळून निर्णय घेण्याची. राष्ट्रीय न्यासाचाच निरामय हा आरोग्य विमा वर्षाला १ लाखापर्यंत आहे, तोही काढा.

नणंदेला आजच कळवा: पहिला महिना अर्धाच दिवस, सकाळचा, आणि पहिले काही दिवस तुम्हीही तिथंच पाकिटं भरायला बसाल.

– अक्का