लेक ज्यू युवक गटाबरोबर पोलंड-इस्राएलला निघाली आहे

न्यू जर्सीहून एका बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यू समाजातल्या, आईचं पत्र आलं आहे. सासर अलिबागकडचं, माहेर ठाण्याचं. सोळा वर्षांची लेक उन्हाळ्याच्या सुट्टीत ज्यू युवक गटाच्या अभ्याससहलीला निघाली आहे: आधी आठवडाभर पोलंड, मग तीन आठवडे इस्राएल. आई विचारते, "आउश्वित्झ, ती नाझींची मृत्यूछावणी, तिला झेपेल का? शिवाय गटात ती एकटीच भारतीय. 'तू खरंच ज्यू आहेस?' असं कुणी विचारलं तर?"

ताई, जाऊ द्या तिला. मला मात्र तुमच्या दुसऱ्या प्रश्नाची जास्त काळजी वाटते.

या सहलींत शिकवला जाणारा इतिहास मुख्यतः युरोपातल्या ज्यूंचा असतो. क्राकोव येतं, वॉर्साची घेट्टो, म्हणजे ज्यूंना कोंडलेली वस्ती, येते, पण अलिबागजवळचं आपलं नवगाव येत नाही. ते घरूनच न्यायला हवं. जहाज फुटून तिथल्या किनाऱ्याला लागलेल्या आपल्या पूर्वजांची, त्या सात जोडप्यांची कथा तिला नीट सांगा. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून गावाने आपल्याला 'शनवार तेली' म्हटलं, हे सांगा. सॅम्युएल दिवेकरांनी 1796 साली मुंबईत सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनामंदिर, बांधलं, तेही. आणि कडू भागही लपवू नका. 1960 नंतरच्या काही वर्षांत इस्राएलमधल्या धर्मगुरूंनी लग्नाच्या वेळी बेने इस्राएलांची वंशावळ तपासायचा फतवा काढला होता. आपली माणसं रस्त्यावर उतरली, आणि 1964 मध्ये पूर्ण ज्यू म्हणून मान्यता मिळाली. उद्या कुणी तिला तो प्रश्न विचारलाच, तर त्याचं उत्तर आजी-आजोबांच्या पिढीने झगडून मिळवलेलं आहे, एवढं तिला ठाऊक असू द्या.

निघायच्या आधी घरी मलिदा, आपला शुभप्रसंगीचा नैवेद्य, कराच. भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलची, भोवती फळं. ताट तिलाच लावू द्या आणि एलियाहू हन्नाबीचं, म्हणजे एलिया संदेष्ट्याचं, गाणं तिला येतं का, तेही बघा. गटात कुणी घरच्या रीतीबद्दल विचारलं, तर सांगायला तिच्याकडे हाताने केलेलं काहीतरी असेल.

आता आउश्वित्झ. चौदा वर्षांखालच्या मुलांना आणू नये, असं तिथलं संग्रहालयच सांगतं. तुमची लेक त्याहून मोठी आहे. तिथे काचेआड बॅगांचा ढीग आहे. माणसांनी परत मिळाव्यात म्हणून त्यांवर ठळक अक्षरांत आपली नावं लिहिली होती. असं काही बघून एखादं मूल रडतं, एखादं गप्प होतं, एखादं बसमध्ये बसल्यावर मैत्रिणींबरोबर खिदळतं. यातलं काहीही झालं तरी घाबरू नका. गटाला आधीच विचारा: त्या संध्याकाळी मुलांशी बोलायला कोण असेल, नको वाटलं तर एखाद्या दालनाबाहेर थांबता येईल का? रात्री तिचा फोन आला तर फक्त ऐका.

कागदपत्रांत एक गोष्ट बरीच घरं विसरतात. तुम्हा दोघांपैकी कुणी कधी इस्राएलचं नागरिकत्व घेतलं असेल, तर तिथल्या कायद्याने मुलगीही नागरिक ठरू शकते आणि तिला इस्राएली पासपोर्टवरच जावं लागतं. इस्राएलच्या वाणिज्य दूतावासात आजच चौकशी करा. नसेल घेतलं, तर अमेरिकन पासपोर्टला 2025 पासून ऑनलाइन प्रवास-परवानगी लागते. विम्यात युद्धामुळे झालेलं नुकसान धरलं आहे का, हेही वाचा. जून 2025 मध्ये इस्राएलचं आकाश एका रात्रीत बंद झालं आणि कितीतरी मुलं अडकली. असं झालं तर मुलांना कुठून, कसं बाहेर काढणार, हे आयोजकांकडून लेखी घ्या.

बऱ्याच सहलींत एक शब्बाथ, म्हणजे शनिवारचा विश्रांतीचा दिवस, नातेवाइकांकडे काढता येतो. लोद, अश्दोद, बीरशेबा, दिमोना इथे आपली माणसं आहेत आणि जुन्या मंडळींच्या घरात अजून मराठी चालते. तिथे कुणी आत्या, मावशी असेल तर तो शब्बाथ त्यांच्याकडेच ठेवा, आणि आतापासून दर आठवड्याला लेकीला त्यांच्याशी फोनवर मराठीत बोलायला लावा. त्यांचं नाव, पत्ता आणि तुमची सही असलेलं संमतीपत्र गटाकडे आधीच पोचवा. त्याशिवाय अल्पवयीन मुलीला ते कुणाच्या घरी सोडणार नाहीत.