टेकन ३ नंतर थेट टेकन ८ घेतला, तर एकट्याने खेळण्यात मजा आहे का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही कळव्यात राहता, शाळेत असताना व्हिडिओ गेम पार्लरमध्ये टेकन ३ हा मारामारीचा गेम भरपूर खेळलात, मधले सगळे भाग राहून गेले आणि आता घरात पीएस५ (प्लेस्टेशन ५) आलाय. बरोबर खेळायला कोणी नाही, ऑनलाइन जाऊन नुसता मार खायची इच्छा नाही. मग टेकन ८ वर पैसे घालवावेत का?

घालवा. मी इतक्या ठामपणे सांगते, कारण मीही ठाण्याचीच, मीही टेकन ३ वर वाढलेली, आणि या भागातले नवे मोड (खेळायचे वेगवेगळे प्रकार) नेमके तुमच्या-माझ्यासारख्यांसाठी बनवलेत असं मला मनापासून वाटतं.

टेकन ३ आर्केडमध्ये, म्हणजे पार्लरमधल्या मशीनवर, १९९७ साली आला आणि प्लेस्टेशनवर १९९८ मध्ये. आपल्याकडे तो पोचला तो स्टेशनजवळच्या गल्ल्यांतल्या पार्लरमधून. दादा मला सोबत न्यायचा. तिथे खेळणारे दोघं आणि बघणारे दहा असायचे, आणि शिकवायचे ते बघणारे. "खालून मार, खालून!" "आता अडव, आता!" "तो उठताना लाथ मारतो, थांब जरा." पुस्तक नव्हतं, व्हिडिओ नव्हते, मूव्ह लिस्टचा कागद कुणाकडे असलाच तर तो झेरॉक्सची झेरॉक्स. तरी सगळ्यांना खेळता यायचं, कारण शेजारी कुणीतरी उभं असायचं. घरी एकट्याने खेळायला बसलं की हे शेजारचं माणूस नसतं, आणि फायटिंग गेम कंटाळवाणे होतात ते त्यामुळेच. कॉम्प्युटर एक तर हरतच राहतो, नाहीतर अचानक माणसाला न जमणारं काहीतरी करतो. दोन्हींत शिकायला काही मिळत नाही. टेकन ८ (२६ जानेवारी २०२४ ला आला) इथेच वेगळा आहे. शेजारी उभं राहून सांगणाऱ्याचं काम त्याने मोडमध्ये वाटून दिलंय.

सुरुवात आर्केड क्वेस्टपासून करा. स्टोरी मोडपासून नको. आर्केड क्वेस्टमध्ये तुमचा एक छोटासा कार्टूनसारखा अवतार असतो आणि तो एकेका गेम पार्लरमध्ये जाऊन तिथल्या खेळाडूंशी खेळतो. मॅक्स नावाचा मित्र बरोबर असतो, तो एकेक गोष्ट सांगत जातो: हे हीट (त्याबद्दल पुढे सांगते), ही शिक्षा (समोरचा चुकला की लगेच मारायचा फटका), हा कॉम्बो (एकामागून एक जोडलेले फटके). कथा बाळबोध आहे, पण वातावरण अगदी ओळखीचं आहे. मशीनची रांग, एकमेकांना आव्हान देणारी पोरं, एकाच पात्राला चिकटून बसलेला एखादा. दोन-तीन संध्याकाळींत संपतो आणि तेवढ्यात हात बसतो.

स्टोरी मोड म्हणजे जिन आणि त्याचा बाप काझुया यांचं भांडण, पंधरा प्रकरणांत. देखणा आहे, एकदा जरूर बघा. मध्ये एका ठिकाणी चारी बाजूंनी सैनिक अंगावर येतात, तिथे टेकन ३ मधला टेकन फोर्स (एकट्याने टोळ्यांशी लढायचा मोड) आठवल्याशिवाय राहणार नाही.

आता माझ्या सगळ्यात आवडत्या मोडकडे येते: सुपर घोस्ट बॅटल.

यात तुम्ही खेळता तसा एक घोस्ट तयार होतो. तुमचे आवडते फटके, तुमच्या सवयी, कशाला काय उत्तर देता, हे सगळं तो उचलतो. मग तुम्ही त्याच्याशीच लढू शकता. शिवाय दुसऱ्या खेळाडूचा घोस्ट डाउनलोड करून घेता येतो, आणि तो माणूस ऑनलाइन नसला तरी त्याच्याशी खेळता येतं.

माझ्या भाच्याचं सांगते. तो ऐरोलीचा. सुट्टी असली की यायचा आणि आम्ही दोघं खेळत बसायचो. तो पॉल घ्यायचा, मी शाओयू (टेकन ३ पासून माझं पात्र तेच, बदललेलं नाही). आता तो शिकायला पुण्याला हॉस्टेलवर आहे आणि तिथे ना टीव्ही ना कन्सोल. पण त्याचा घोस्ट माझ्याकडे आहे. भाच्याची एक खोड आहे: खाली पडला की उठल्या उठल्या तो पॉलचा सगळ्यात मोठा ठोसा टाकतो. ज्याला सगळे डेथ फिस्ट म्हणतात, तो. लागला तर लाइफचा मोठा तुकडा जातो, अडवला गेला तर पॉल बराच वेळ उघडा पडतो. घोस्टही तेच करतो. पडतो, उठतो, ठोसा. आणि भाचा जसा तीनदा अडवला गेल्यावर चौथ्यांदा हमखास खालची लाथ मारतो, तशी तो लाथही मारतो! पहिल्यांदा हे बघितलं तेव्हा मी कंट्रोलर खाली ठेवला आणि त्याला फोन लावला.

अर्थात घोस्ट म्हणजे माणूस नव्हे. तो चिडत नाही, हातघाईला येत नाही, शेवटच्या राउंडला त्याचे हात थरथरत नाहीत. माणसाला हरवताना निम्मं काम त्याच्या मनाशी असतं आणि ते इथे होत नाही. पण ठरावीक मशीनपेक्षा हे कितीतरी जिवंत आहे, आणि रात्री अकराला ऑफिसातून आल्यावर कुणाला उठवावं लागत नाही. तुमचा स्वतःचा घोस्ट तर आवर्जून खेळा. माझी शाओयू एका ठराविक पवित्र्यात खाली बसते, वरून जाणारे फटके त्यात आपोआप चुकतात. माझा घोस्ट त्या पवित्र्यात इतका वेळ बसून असायचा, की भाचा मला "आत्या, किती वेळ बसशील?" असं का म्हणतो ते समोर दिसलं. त्याला फोडायचं कसं हे शोधता शोधता माझा स्वतःचा खेळ मोकळा झाला.

रिप्ले बघण्याची सोय याच्याच जोडीची आहे. खेळून झालेली लढत तुम्ही परत लावता आणि ती चालू असताना पडद्यावर सूचना येतात: इथे समोरचा उघडा होता, इथे हा फटका बसला असता. तेवढ्यावर थांबत नाही. त्या क्षणी एक बटण दाबून तुम्ही रिप्लेमध्ये शिरता, पात्र तुमच्या हातात येतं आणि ती जागा लगेच खेळून बघता येते. जमलं नाही तर मागे जा, पुन्हा खेळा. भाच्याचा डेथ फिस्ट अडवल्यावर शाओयूने काय करावं, हे मी असंच पक्कं केलं. ठोसा अडवला, सूचना आली, शिरले, मारलं. बोटांना सवय लागेपर्यंत तीच जागा. पार्लरमध्ये हरलं की खुर्ची सोडावी लागायची आणि "आत्ता काय झालं?" हे विचारायलाही वेळ नसायचा. इथे हवा तितका वेळ आहे.

प्रॅक्टिसमध्ये फ्रेमचे आकडेही दाखवतात. सेकंदाचे ६० भाग, म्हणजे ६० फ्रेम. बहुतेक पात्रांचा साधा ठोसा १० फ्रेममध्ये पोचतो. समोरच्याचा फटका अडवल्यावर तो १० किंवा जास्त फ्रेम अडकून पडला, तर तुमचा ठोसा हमखास लागणार. पार्लरमधली मोठी पोरं "आता मार, तो वाचत नाही" म्हणायची ते हेच गणित, फक्त अंदाजाने. टेकन ७ मध्ये हे आकडे बघण्यासाठी वेगळे पैसे पडायचे, इथे ते गेममध्येच आहेत. सुरुवातीला त्यांच्याकडे बघूही नका, पण समोरच्याचा एखादा फटका तुम्हाला सारखा लागायला लागला की तिथे जा.

तुम्ही आठवणींवर येणार म्हणून हे सांगते: हात रिकामे नाहीत तुमचे. चार बटणं म्हणजे चार हात-पाय, हे अजून तसंच आहे. बाजूला सरकणं आहे, दहा फटक्यांचे कॉम्बो आहेत. जिन, पॉल, ह्वारांग, किंग, योशिमित्सू, नीना, ब्रायन, शाओयू सगळे पहिल्या दिवसापासून आहेत. लॉ आहे, पण तुमच्या वेळचा फॉरेस्ट नव्हे, त्याचा बाप मार्शल. एडी मात्र मूळ ३२ पात्रांत नव्हता. तो एप्रिल २०२४ मध्ये वेगळा आला, त्याचे पैसे वेगळे. हेइहाचीही नंतर असाच आला. एडी घेऊन दोन बटणं बदडणाऱ्यांपैकी तुम्ही असाल, तर हा खर्च धरून चाला.

नवं शिकावं लागेल ते हीट. प्रत्येक राउंडमध्ये एकदा, साधारण १० सेकंद, तुमचं पात्र पेटतं. त्या वेळात तुमचे फटके समोरच्याने अडवले तरी त्याची लाइफ थोडी थोडी झिजते. झिजलेली लाइफ लगेच कायमची जात नाही, त्याने उलटून मारलं तर ती भरून येते. म्हणून खेळ सतत पुढे ढकलला जातो, अडवून बसणाऱ्याला हा गेम बसू देत नाही. मला हे आवडतं. अनेक जुन्या खेळाडूंना नाही आवडत, आणि एप्रिल २०२५ मध्ये दुसऱ्या सीझनच्या बदलांनी मारामारी आणखी वाढली तेव्हा जगभरातून जोरदार ओरड झाली, मग दुरुस्त्या आल्या. तुम्ही वरच्या रँकसाठी झगडणार नसाल, तर या वादाची झळ तुम्हाला फारशी लागणार नाही.

बरोबर खेळायला कोणी नाही असं लिहिलंय तुम्ही, पण सणावाराला पाहुणे येतातच ना? तेव्हा टेकन बॉल लावा. टेकन ३ मध्ये समुद्रकिनारी चेंडू मारायचा तो मोड होता, आठवतो? त्यातूनच तो चिमुकला डायनासोर गॉन मिळायचा. तो मोड इथे परत आलाय. चेंडूला जितका जोरदार फटका, तितका तो जोरात जातो. समोरच्याला लागला किंवा त्याच्या बाजूला पडला की त्याची लाइफ जाते. याला मूव्ह पाठ लागत नाहीत. गणपतीत भाच्याची धाकटी बहीण आली होती, तिने आयुष्यात पहिल्यांदा कंट्रोलर धरला आणि पांडा घेऊन मोठ्यांना घाम फोडला. नेहमीच्या लढतीतही नवख्याला एल१ दाबून स्पेशल स्टाइल चालू करून द्या. मग एकेका बटणावर ठरलेले चांगले फटके येतात. लढतीच्या मध्येच चालू-बंद करता येतं, त्यामुळे त्यात कुणाला कमीपणा वाटत नाही.

ज्यूकबॉक्सही बघा. जुन्या भागांचं संगीत त्यात आहे, टेकन ३ चंही. हवं त्या स्टेजला लावून लढता येतं. जिनच्या नव्या स्टेजवर जुनं संगीत वाजलं की अंगावर काटा येतो, निदान माझ्या तरी.

ऑनलाइनची भीती असेल तर महिनाभर तिकडे फिरकूच नका. घाई नाही. पण कायमचं टाळूही नका. आपल्या शेजारचं उदाहरण आहे: लाहोरचा अर्सलान अॅश २०१९ मध्ये अमेरिकेतल्या एव्हो या फायटिंग गेमच्या मोठ्या स्पर्धेत टेकन ७ जिंकला, २०२४ मध्ये तिथेच टेकन ८ जिंकला. तो आणि त्याच्याबरोबरचे खेळाडू घडले ते आपापल्या शहरात, एकमेकांशी समोरासमोर खेळून. माणसांशी खेळल्यानेच खेळ वाढतो. घोस्ट तुम्हाला तिथपर्यंत आणून सोडतो, पुढे माणूसच लागतो. ऑनलाइन जाल तेव्हा वायफायवर नको, राउटरपासून वायर टाका. समोरचा वायफायवर आहे की वायरवर हे लढत स्वीकारण्याआधी दिसतं, त्यावरून हो-नाही ठरवा. वेगवेगळ्या मशीनवरचे खेळाडू एकत्र खेळतात, त्यामुळे पीएस५ असलेलाच भिडू शोधायला नको.

पैशांचं सांगायचं तर साधी आवृत्ती पुरे. महागड्या आवृत्त्यांमधली जादा पात्रं आणि कपडे तुम्हाला आज नकोत. गेम आल्यानंतर त्यात वेगळं दुकानही सुरू झालं, तिथे कपड्यांना खरे पैसे पडतात. ते मला पटलेलं नाही, पूर्ण किंमत घेतलेल्या गेममध्ये ते नसायला हवं होतं. पण लढायला त्याची गरज लागत नाही. सेल वरचेवर लागतो, तेव्हा घ्या. आणि जवळपास १०० जीबी जागा मोकळी ठेवा.

त्याआधी मोफत डेमो उतरवा. त्यात जिन, काझुया, पॉल आणि नीना आहेत, आर्केड क्वेस्टचं पहिलं प्रकरणही आहे. पॉल घ्या, तो टेकन ३ वाल्यांच्या हाताला लगेच लागतो. डेमोत दोन-तीन रात्री मन रमलं, तर सेलची वाट बघत बसू नका.