तुरुंगाच्या नोकरीत नव्याने आलेल्या वारकऱ्यास

माळ घालून ही नोकरी करावी का, असं विचारलंस. कर. बाहेर राहून व्यवस्थेला शिव्या देणारे भरपूर आहेत. आतल्या रजिस्टरपर्यंत हात पोचणारे थोडेच.

सुरुवात कच्च्या कैद्यांच्या, म्हणजे खटला अजून निकाली न लागलेल्यांच्या यादीपासून कर. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं, म्हणजे फौजदारी प्रक्रियेच्या कायद्याचं, कलम ४७९ पाठ असू दे. पूर्वी शिक्षा न झालेल्या माणसाने कमाल शिक्षेचा एक तृतीयांश काळ आत काढला, तर त्याला बंधपत्रावर सोडायचं असतं. इतरांसाठी निम्म्या काळानंतर जामीन. फाशी-जन्मठेपेचे गुन्हे यात नाहीत, आणि एकाहून जास्त खटले चालू असले तरी अडतं. कोर्टाला अर्ज करणं अधीक्षकांचं काम, पण तारखा मोजून कागद त्यांच्या टेबलावर ठेवणारा तू हो. कैदी स्वतः मागणार नाही, त्याला माहीतच नसतं.

जामीन मंजूर होऊनही जामीनदार नाही म्हणून अडकलेले वेगळे काढ. सात दिवसांत सुटका झाली नाही तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवायचं, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये सांगितलं आहे. तोंडी नको, जावक क्रमांक घालून कळव.

दामाजीपंतांची कथा तुला ठाऊक आहे. दुष्काळात त्यांनी मंगळवेढ्यात बादशहाची कोठारं उघडली आणि रक्कम विठ्ठलाने विठू महार होऊन भरली. आपल्यासाठी कुणी भरणार नाही, म्हणून नियमाबाहेरची मेहेरबानी करू नकोस; एकदा निलंबित झालास की तुझी यादी कोण बघणार? मारहाण दिसली तर मात्र गप्प बसायचं नाही. वैद्यकीय नोंद त्याच दिवशी करून घे.