अन्नभांडाराचा इतिहास लिहिताना

प्रिय मित्रा,

सप्रेम आशीर्वाद.

चर्चच्या अन्नभांडाराचा इतिहास लिहिण्याचे काम तू हाती घेतलेस, याचे समाधान वाटते. तुझा आराखडा मी काळजीपूर्वक वाचला. त्यात संस्थापक आहेत, देणगीदार आहेत, वाटलेल्या शिध्याची वजने आहेत. तक्रार मात्र एकही नाही. माझा आग्रह असा की, तू आधी तक्रारी शोधाव्यास, कारण चर्चच्या अन्नवाटपाची सर्वांत जुनी हकीकत तक्रारीचीच आहे. बायबलच्या नव्या करारातील ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात यरुशलेमच्या मंडळीतील ग्रीकभाषक यहूदी कुरकुर करतात की, रोजच्या वाटणीत आमच्या विधवांना डावलले जाते, आणि त्या कुरकुरीची दखल घेऊनच वाटपासाठी सात माणसे निवडली जातात. त्या सातही जणांची नावे ग्रीक आहेत. ज्यांच्यावर अन्याय होत होता, त्यांच्याच गटाकडे कारभार सोपवला गेला असावा, असे मला वाटते.

‘कोणाला द्यायचे?’ हा प्रश्न पुढेही सुटलेला नाही. दुसऱ्या शतकात जस्टिन या ख्रिस्ती लेखकाने वर्णिलेल्या उपासनेत गोळा झालेल्या दानातून अनाथ, विधवा, आजारी, बंदिवान आणि परके अशा सर्वांना मदत मिळते. उलट इंग्लंडमध्ये 1601 च्या कायद्याने गरिबांचा भार पॅरिशवर, म्हणजे एकेका चर्चच्या हद्दीतील स्थानिक विभागावर, टाकल्यानंतर, 1662 च्या कायद्याने बाहेरून आलेल्या गरिबाला त्याच्या मूळ पॅरिशकडे परत धाडण्याची सोय केली. तुमच्या भांडारात पत्त्याची अट कधी आली, कोणी घातली आणि ती कोणामुळे सैल झाली, हे बैठकांच्या इतिवृत्तांत अवश्य पाहा.

अलीकडच्या काळाबद्दल लिहिताना फूड बँक आणि पँट्री यांची गल्लत करू नकोस: बँक म्हणजे गोदाम, तर पँट्री म्हणजे कुटुंबांच्या हाती थेट शिधा देणारे ठिकाण. अमेरिकेतील फिनिक्स शहरात 1967 मध्ये जॉन व्हॅन हेंगेल यांनी पहिली फूड बँक उभारली. सेंट मेरीज चर्चने त्यासाठी एक जुनी बेकरी दिली, म्हणून त्या बँकेला चर्चचेच नाव मिळाले. डिसेंबर 1981 मध्ये अमेरिकी सरकारने गोदामांत साठलेले चीज वाटण्यास मंजुरी दिली आणि ते लोकांपर्यंत नेण्यात चर्चची तळघरे व सभागृहे मोठ्या प्रमाणावर उपयोगी पडली. सरकारी मालाबरोबर सरकारी नियमही आले: असा शिधा देताना प्रार्थनेला बसण्याची अट घालता येत नाही. 1996 च्या कायद्याने सद्भावनेने अन्न देणाऱ्यांना खटल्यांपासून संरक्षण दिले, हेही नोंदव. दुकानदारांची भीती त्यामुळे बरीच कमी झाली. (व्यापारी मोठ्या मनाचे झाले म्हणूनच माल आला, असे लिहिण्याचा मोह टाळ.)

तुमच्याकडे बांधलेल्या पिशव्या देण्याऐवजी लोकांना हवे ते निवडू देण्याची पद्धत सुरू झाली असेल, तर तिच्यासाठी स्वतंत्र प्रकरण ठेव आणि ते रांगेत उभे राहिलेल्यांशी बोलून लिही. नोंदवह्यांतील कुटुंबांची नावे मात्र कोठेही छापू नकोस. पहिला मसुदा तयार झाला की पाठव. समितीला दाखवण्यापूर्वी आपण त्यावर एकदा बोलू.

तुझा हितचिंतक